औषध लागू पडेपर्यंत: नैराश्यावरील काही गोळ्यांचे परीक्षण

नैराश्यावरील गोळ्यांचे परीक्षण करताना मोठी अडचण अशी की ज्या गोळीने एकाला पुन्हा कामाला लावलेले असते, त्याच गोळीचा दुसऱ्याला काडीचाही उपयोग झालेला नसतो. तरीही ज्यांना एकामागून एक औषधे बदलावी लागली आहेत त्यांनी आपला अनुभव मोजूनमापून लिहावा, असे मला वाटते. कारण चिठ्ठीवर फक्त औषधाचे नाव आणि मात्रा असते, मधले आठवडे कसे जातात हे तिच्यावर कुठेच लिहिलेले नसते. माझे मत आधीच सांगते. या शोधात औषधाच्या नावाइतकेच महत्त्व ते किती मात्रेत, किती काळ आणि कोणत्या नोंदी ठेवून घेतले याला आहे, आणि नेमके तिथेच बहुतेक प्रयोग अर्धवट राहतात.

माझी सुरुवात एस्सिटालोप्रामने झाली. सेरोटोनिन या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनाचे पुनर्शोषण रोखणाऱ्या गटातले हे औषध तुलनेने सुसह्य असल्यामुळे अनेक मानसोपचारतज्ज्ञ आधी त्याचाच विचार करतात. 10 मिलिग्रॅमच्या या लहानशा गोळीने पहिले काही दिवस मळमळ, अस्वस्थपणा आणि तुटक झोप दिली. मन होते तिथेच राहिले. या गटातल्या सगळ्याच औषधांचा हा मोठा दोष म्हटला पाहिजे: सेरोटोनिनवरचा परिणाम काही तासांत सुरू होतो, त्यामुळे त्रास लगेच जाणवतो, पण मनःस्थितीतला पुरेसा फरक दिसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे गोळी सोडून द्यावीशी सर्वाधिक वाटते ती नेमकी तिच्याबद्दल काहीच ठरवता येत नाही अशा वेळी. मळमळ बहुधा एकदोन आठवड्यांत ओसरते, तशी माझीही ओसरली. मात्र पुरेशी मात्रा घेऊनही पहिल्या चार आठवड्यांत तसूभरही फरक पडला नाही, तर त्याच मात्रेवर पुढे गुण येण्याची शक्यता कमी होते, आणि तेव्हा डॉक्टरांशी मात्रा वाढवण्याविषयी किंवा औषध बदलण्याविषयी बोलणे योग्य ठरते. मात्रा 20 मिलिग्रॅमपर्यंत वाढवल्यावर रडू येणे थांबले, पण त्याबरोबर आनंदही बोथट झाला आणि लैंगिक इच्छा जवळजवळ नाहीशी झाली. या शेवटच्या तक्रारीबद्दल डॉक्टर बहुधा आपणहून विचारत नाहीत. ती आपणच सांगावी लागते.

सर्ट्रालिनबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. गट तोच आणि त्रासही बराचसा तोच, फक्त पोट अधिक बिघडले. एका गोळीने गुण आला नाही म्हणून त्याच गटातली दुसरी घेण्यात काय अर्थ, असा प्रश्न तेव्हा मला पडला होता. अमेरिकेतल्या स्टार-डी या मोठ्या अभ्यासात याच गटातल्या सिटालोप्रामने बरे न वाटलेल्या रुग्णांपैकी काहींना सर्ट्रालिन आणि काहींना वेगळ्या गटांतली ब्युप्रोपिऑन किंवा व्हेन्लाफॅक्सिन ही औषधे दिली गेली, तेव्हा तिन्ही औषधांवर सुमारे चौथा हिस्सा रुग्ण लक्षणमुक्त झाले. औषधाचा गट बदलल्याने ठळक फायदा दिसला नाही, तेव्हा त्याच गटातली गोळी घेण्याचा डॉक्टरांचा सल्ला निराधार नव्हता.

व्हेन्लाफॅक्सिनने मला खऱ्या अर्थाने पहिला फरक दाखवला. सकाळी अंथरुणातून उठणे शक्य झाले आणि वाचलेले लक्षात राहू लागले. पण हे औषध शरीरातून लवकर बाहेर पडते, त्यामुळे वेळ चुकली की चक्कर येते आणि डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखे वाटते. जास्त मात्रेत रक्तदाबही वाढू शकतो, म्हणून तो तपासत राहावा लागतो. ज्याला गोळ्यांची वेळ काटेकोर पाळता येत नाही त्याने हे औषध घेण्यापूर्वी डॉक्टरांशी नीट बोलावे. याच्या अगदी उलट स्वभाव फ्लुऑक्सेटिनचा. 1987 साली अमेरिकेत मान्यता मिळालेले हे जुने औषध शरीरात कित्येक आठवडे रेंगाळते; त्यामुळे एखादी गोळी चुकली तरी फारसे बिघडत नाही, पण त्यानंतर दुसरे औषध सुरू करताना जास्त सावध राहावे लागते. यांपैकी कोणतीही गोळी एकदम बंद करू नये.

मिर्टाझापिन रात्री घ्यायचे असते, आणि याची एक गंमत अशी की कमी मात्रेत ते जास्त झोप आणते. झोप आणि भूक दोन्ही गमावलेल्या माणसाला ते वरदान वाटू शकते. वजनाची काळजी असलेल्याला नाही. लैंगिक तक्रारी यात तुलनेने कमी असतात. माझ्यासाठी आजवर सर्वांत टिकाऊ ठरलेले औषध हेच, जरी सकाळची सुस्ती आणि वाढलेले वजन ही त्याची किंमत मोजावी लागली.

2018 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या विश्लेषणाने 522 चाचण्या आणि 21 औषधे तपासून ही सर्व औषधे प्रौढांमध्ये निष्क्रिय गोळीपेक्षा सरस असल्याचे दाखवले, परंतु त्यांच्यातला आपापसातला फरक लहान होता. स्टार-डीमध्ये गुण न आल्यास उपचार बदलत जाण्याच्या चार टप्प्यांनंतर सुमारे 67 टक्के रुग्ण लक्षणमुक्त होतील असा अंदाज वर्तवला गेला होता. 2023 मध्ये त्याच माहितीच्या फेरविश्लेषणाने तो आकडा सुमारे 35 टक्क्यांवर आणला. हे वाचून धीर खचू शकतो, पण पहिली गोळी अपयशी ठरली म्हणून स्वतःला असाध्य समजणाऱ्याला हे आकडे कळलेले बरे.

जनुकीय चाचणीचा हल्ली बराच गाजावाजा आहे. यकृतातली सीवायपी2सी19 आणि सीवायपी2डी6 ही विकरे (एन्झाइम) काही औषधांचे विघटन किती वेगाने करतात, हे त्यातून समजते आणि मात्रा ठरवायला त्याची मदत होऊ शकते. कोणती गोळी लागू पडेल हे मात्र ती सांगत नाही, म्हणून तिची जाहिरात ज्या थाटात होते तो थाट मला पटत नाही. तिच्याहून पीएचक्यू-9 ही साधी प्रश्नावली मला कितीतरी उपयोगी पडली. नऊ प्रश्न, 0 ते 27 गुण; गुण निम्म्यावर आले तर औषधाला प्रतिसाद मिळाला असे मानतात आणि पाचच्या खाली गेले तर लक्षणे जवळपास गेली असे. नैराश्यात मागचा आठवडा नेहमीच वाईट आठवतो, त्यामुळे लिहून ठेवलेल्या आकड्याशिवाय डॉक्टरांपुढे ‘काहीच फरक नाही’ एवढेच तोंडातून निघते.

या प्रश्नावलीतला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. पंचविशीच्या आतल्या रुग्णांत औषध सुरू करताना किंवा मात्रा बदलताना असे विचार वाढू शकतात, आणि अमेरिकेत तशी ठळक सूचना या औषधांवर असते. वय कोणतेही असो, असे विचार आले किंवा वाढले तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा तातडीच्या सेवेला कळवावे. माझे मिर्टाझापिन अजून चालू आहे. बरे वाटू लागल्यानंतरही किमान सहा महिने औषध सुरू ठेवण्याचा प्रघात आहे, आणि त्यानंतर मात्रा हळूहळू उतरवायची की नाही, हे डॉक्टरांशी बोलून ठरवायचे आहे.