टूलरूमसाठी रेडमाइन: यादी एक, प्रत्येकाची नजर वेगळी

एक प्रेस टूल (पत्रा कापायचा किंवा वाकवायचा साचा) पूर्ण व्हायचं म्हणजे डिझाइन, मटेरियल, रफ मशीनिंग, हार्डनिंग, ग्राइंडिंग, वायरकट (तारेतल्या विजेच्या ठिणग्यांनी कापणं), फिटिंग आणि ट्रायल असे आठ टप्पे. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज किंवा चिकलठाणा एमआयडीसीतल्या मध्यम टूलरूममध्ये, म्हणजे असे साचे बनवणाऱ्या कारखान्यात, अशी पंधरा-वीस टूल्स एकाच वेळी चालू असतात आणि प्रत्येकाचे पंच, डाय, स्ट्रिपर असे सुटे भाग वेगळे धरले तर जॉबची यादी सहज दोनशे ओळींवर जाते. वायरकटवाल्याला त्यातल्या सहा ओळी हव्या असतात, मालकाला फक्त अडकलेल्या. रेडमाइन हे कामांची नोंद आणि माग ठेवणारं, ब्राउझरमध्ये चालणारं सॉफ्टवेअर याच कसोटीवर तपासायला हवं.

रेडमाइन २००६ पासून आहे, मुक्त स्रोत आहे, लायसन्सचे पैसे लागत नाहीत. सर्व्हर मात्र आपला लागतो आणि लिनक्स जाणणारा एक माणूसही. दिसायला साधं, जुन्या वळणाचं. पण त्यातली ‘क्वेरी’, म्हणजे फिल्टर आणि कॉलम लावून सेव्ह केलेला व्ह्यू, फार भक्कम आहे.

पद्धत अशी. रेडमाइनमध्ये प्रत्येक जॉबच्या नोंदीला ‘इश्यू’ म्हणतात. इश्यूजच्या पानावर वर ‘फिल्टर्स’ आणि ‘ऑप्शन्स’ असे दोन भाग असतात. फिल्टरमध्ये असाइनी (काम ज्याच्याकडे आहे तो) म्हणून ‘मी’ निवडा, म्हणजे एकच व्ह्यू प्रत्येकाला त्याचेच जॉब दाखवतो; माणसागणिक वेगळा करायची गरज नाही. ऑप्शन्समध्ये कॉलम निवडा, ‘ग्रुप रिझल्ट्स बाय’ लावा, अप्लाय करून बघा आणि मगच सेव्ह. सेव्ह करताना तो फक्त स्वतःला, ठरावीक रोलला की सगळ्यांना दिसावा हे विचारलं जातं. सगळ्यांसाठीचे व्ह्यू बनवायची परवानगी एक-दोघांकडेच ठेवा. नाहीतर महिन्याभरात उजवीकडच्या पट्टीत ‘वायरकट’, ‘वायरकट नवीन’, ‘वायरकट फायनल’ अशी रांग लागते आणि खरा कोणता ते कुणालाच सांगता येत नाही.

खरी मेहनत कस्टम फील्डवर, म्हणजे आपण स्वतः जोडलेल्या रकान्यांवर, घ्यावी. ‘टप्पा’ हे फील्ड बनवताना साधी ‘लिस्ट’ न घेता ‘की/व्हॅल्यू लिस्ट’ घ्या. साध्या लिस्टमध्ये पुढे ‘ग्राइंडिंग’चं नाव बदलून ‘सरफेस ग्राइंडिंग’ केलं, तर जुन्या जॉबवर जुनंच नाव राहतं आणि फिल्टरमधून ते जॉब गळतात. की/व्हॅल्यू लिस्टमध्ये नाव सगळीकडे बदलतं आणि ग्रुपही आपण लावलेल्या क्रमाने येतात. साधी लिस्ट अक्षरांच्या क्रमाने लागते, त्यामुळे ट्रायल डिझाइनच्या आधी जाऊन बसते. फील्ड बनवताना ‘यूज्ड अॅज अ फिल्टर’वर टिक करायला लोक हमखास विसरतात आणि फिल्टरच्या यादीत फील्ड का नाही म्हणून शोधत बसतात. ‘मल्टिपल व्हॅल्यूज’ चालू केलं की त्या फील्डवर ग्रुप करता येत नाही, तेव्हा टप्प्यासाठी ते बंदच ठेवा.

सगळ्यात उपयोगाचा व्ह्यू बाहेर गेलेल्या कामाचा. डी-२ टूल स्टीलचे पंच हार्डनिंगला बाहेर जातात आणि ५८-६० एचआरसी (रॉकवेल कठीणपणा) होऊन परत येईपर्यंत पुढचं ग्राइंडिंग अडून राहतं. त्यासाठी ‘व्हेंडर’, ‘परत येण्याची तारीख’ आणि ‘वजन’ अशी तीन फील्ड पुरतात. वजन ‘फ्लोट’ (दशांश आकडा) प्रकारचं ठेवा. ग्रुप व्हेंडरवर लावा आणि ‘टोटल्स’मध्ये वजनावर टिक करा: कुणाकडे किती किलो माल पडलाय ते प्रत्येक ग्रुपच्या डोक्यावर दिसतं. हार्डनिंगचं बिल किलोवर येत असेल तर ते तपासायलाही हाच आकडा हाताशी असतो.

तारखेच्या फिल्टरमध्ये एक खड्डा आहे. ‘इन द नेक्स्ट’ दोन दिवस असं निवडलं तर आज ते परवा एवढेच जॉब येतात. कालच उशीर झालेला जॉब यादीतून नाहीसा होतो. ‘इन लेस दॅन’ निवडलं तर मागचे उशिराचेही येतात. टूलरूमला हेच हवं. दोन्हींत तारीख न भरलेले जॉब मात्र येतच नाहीत. त्यांच्यासाठी ड्यू डेट (काम संपवायची तारीख) ‘नन’ असा वेगळा व्ह्यू ठेवा आणि रोज सकाळी तो रिकामा आहे ना ते बघा. मालकासाठी ‘अपडेटेड’वर ‘मोर दॅन डेज अगो’ लावून ३ टाका: तीन दिवस ज्याला कुणी हात लावला नाही ते काम समोर येतं. हा व्ह्यू एकटाच सगळ्या बसवण्याची मेहनत वसूल करतो.

फिल्टर एकमेकांना ‘आणि’ने जोडलेले असतात. ‘वायरकटवर आहे किंवा तातडीचा आहे’ अशी अट एका व्ह्यूत बसवायची सोय मूळ स्क्रीनवर नाही. दोन व्ह्यू करून ‘माय पेज’ या प्रत्येकाच्या स्वतःच्या पानावर खाली-वर लावावे लागतात. तिथे इश्यूजचे तीन ठोकळे बसतात. पाचव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, प्रोजेक्टला डिफॉल्ट क्वेरी (यादी उघडताच आपोआप लागणारा व्ह्यू) देता येते, पण ती सगळ्यांना दिसणारी असावी लागते. जुनी आवृत्ती चालवत असाल तर एवढ्या एका सोयीसाठी अपग्रेड करावं.

सुट्ट्यांचं सेटिंग आधी बघा. मुळात शनिवार-रविवार सुट्टी धरलेली असते. एमआयडीसीत शनिवारी काम चालतं आणि साप्ताहिक सुट्टी रविवारीच असेल असंही नाही. हे बदललं नाही तर एकामागून एक जोडलेल्या कामांच्या तारखा पुढे ढकलल्या जाताना चुकतात.

उणिवा आहेतच. कार्ड ओढून टप्पा बदलायचा बोर्ड मूळ सॉफ्टवेअरमध्ये नाही. प्लगइन मिळतात, पण प्रत्येक अपग्रेडला ते चालतील का हे तपासावं लागतं. मूळ थीममध्ये ओळींना रंग नाहीत. सेटिंग्जमध्ये ‘अल्टरनेट’ थीम लावली की प्रायॉरिटीप्रमाणे रंग येतात. यादीतच टप्पा बदलायला ओळीवर राइट क्लिक करावं लागतं. मोबाइलवर उजवीकडची पट्टी मेनूच्या आत जाते आणि कॉलम जास्त असतील तर यादी आडवी सरकवावी लागते. शॉपफ्लोअरच्या व्ह्यूत म्हणून चारच कॉलम ठेवा: जॉब, टप्पा, तारीख, माणूस.

एक टिक शेवटची. ‘डिस्पॅच’ हे स्टेटस बनवताना ‘इश्यू क्लोज्ड’वर खूण केली नाही, तर ट्रकमधून गेलेलं टूलही प्रत्येक व्ह्यूत चालू जॉब म्हणून दिसत राहतं.