जुनी मढी उकरणाऱ्या दोन कादंबऱ्या: आधी कोणती वाचावी?

फाइलबंद झालेला खून कित्येक वर्षांनी कुणीतरी पुन्हा उकरून काढतं, अशी रहस्यकथा हवी असेल तर अगाथा ख्रिस्तीची दोन पुस्तकं समोर येतात: ‘फाइव्ह लिटल पिग्ज’ आणि ‘स्लीपिंग मर्डर’. एकच वाचायला सवड असेल, तर पहिलं घ्या.

त्यात एमियास क्रेल या चित्रकारावर विषप्रयोग होऊन १६ वर्षं लोटली आहेत. बायको कॅरोलाइन दोषी ठरली आणि तुरुंगातच वारली. आता लग्न ठरलेली त्यांची मुलगी ख्रिस्तीचा गुप्तहेर पॉयरो याच्याकडे येते. ‘मी निर्दोष आहे’ असं आईनं लिहून ठेवलेलं पत्र तिच्याकडे आहे. पॉयरोला तपासायला ना प्रेत, ना ठसे. त्या वेळी तिथे असलेली पाच माणसं आणि त्यांच्या आठवणी, एवढंच काय ते भांडवल. तो प्रत्येकाकडून हकीकत लिहून घेतो. त्या पाचांतले फिलिप आणि मेरेडिथ ब्लेक हे सख्खे भाऊ. पण फिलिपची कॅरोलाइन आतल्या गाठीची, मेरेडिथची सोशिक. तोच दिवस पाच वेळा वाचूनही कंटाळा येत नाही, कारण दर वेळी लिहिणाराच जास्त उघडा पडत जातो. कुणी ठरवून खोटं बोलतं, तर कुणी प्रामाणिकपणे चुकीचं आठवतं, आणि हे दोन्ही वेगळं करणं हाच इथला खरा तपास आहे. उलगडा झाल्यावर मागची पानं उलटून पाहा, सगळे दुवे डोळ्यांसमोरच होते.

‘स्लीपिंग मर्डर’ची मजा निराळी. न्यूझीलंडहून आलेली नवविवाहित ग्वेंडा इंग्लंडमध्ये समुद्राकाठच्या गावात घर घेते. एका खोलीला खसखशीच्या लाल आणि कॉर्नफ्लॉवरच्या निळ्या फुलांचा वॉलपेपर शोभेल, असं तिच्या मनात येतं. पुढे रंगानं बंद झालेलं कपाट उघडलं जातं, तर आत हुबेहूब तोच जुना वॉलपेपर! हे पान रात्री एकट्यानं वाचू नये. मढी उकरू नका, असं मिस मार्पल, ख्रिस्तीची रहस्यं उकलणारी म्हातारी, तिला आणि तिच्या नवऱ्याला बजावते, आणि ते दोघं अर्थातच ऐकत नाहीत. पुस्तक ख्रिस्तीच्या मृत्यूनंतर १९७६ मध्ये आलं, पण लिहिलेलं होतं कितीतरी आधी. त्यामुळे लेखणीत थकवा नाही. मात्र मुरलेल्या वाचकाला खुनी लवकर ओळखू येतो. सुरुवातीच्या भीतीची उंची शेवटाला गाठता येत नाही.

रहस्यकथा नव्यानंच वाचत असाल किंवा भीतीची झिणझिणी हवी असेल, तर ग्वेंडापासून सुरुवात करायला हरकत नाही. माणसं वाचायची असतील, तर क्रेल कुटुंबाकडेच जा.

याच धाटणीचं १९७२ चं ‘एलिफंट्स कॅन रिमेंबर’ मात्र आधी घेऊ नका. त्यात वर्षांचे हिशेब जुळत नाहीत आणि संवाद गोल गोल फिरतात. ख्रिस्तीवर जीव जडल्यावर, तिच्या उतारवयातलं पुस्तक म्हणून ते मायेनं वाचता येईल.