सँ-सुल्पिसचा ऑर्गन ऐकावा की हार्लेमचा?

पॅरिस आणि अ‍ॅम्स्टरडॅम अशा एकाच प्रवासात पाईप ऑर्गन, म्हणजे नळ्यांत हवा सोडून वाजणारे चर्चमधले भव्य वाद्य, निवांत ऐकण्यासाठी एकच वेळ हाताशी असेल, तर ती पॅरिसच्या सँ-सुल्पिस चर्चला द्यावी की अ‍ॅम्स्टरडॅमजवळच्या हार्लेमच्या सेंट बाव्हो चर्चला, हा प्रश्न मलाही पडला होता. दोन्हीकडे बसून ऐकल्यावर तो माझ्यापुरता सुटला.

वाद्य म्हणून सँ-सुल्पिसला उणे म्हणणे मला तरी जमणार नाही. ऑर्गन बांधणाऱ्या क्लिकोने 1781 मध्ये बांधलेला ऑर्गन त्याच व्यवसायातल्या कावाये-कोलने 1862 मध्ये नव्याने उभा केला, पण जुन्या नळ्यांपैकी पुष्कळशा सांभाळून. फ्रेंच संगीतकार विदोर 1870 पासून 1933 पर्यंत इथे वाजवत होता. जेमतेम ऐकू येणाऱ्या स्वरापासून सारे चर्च भरून टाकणाऱ्या नादापर्यंत हे वाद्य ज्या सलगपणे चढत जाते, तसा चढ हार्लेमला मिळत नाही.

मला अडचण झाली ती बैठकीची. ऑर्गन प्रवेशद्वाराच्या वर आणि खुर्च्यांची तोंडे वेदीकडे, त्यामुळे ऐकणाऱ्याची पाठ वाद्याकडे राहते. यात दोष कुणाचाच नाही, कारण चर्च मिस्सेसाठी, म्हणजे कॅथलिक उपासनेसाठी, बांधलेले असते, मैफलीसाठी नव्हे. पण समोर बसून ऐकण्यात वाढलेल्या माझ्यासारख्याला स्वर मागून आलेला सोसत नाही. दहा मिनिटांत मान अवघडली. आणि वळून पाहावे, तर वास्तुकार शाल्ग्रँने रचलेला ऑर्गनचा दर्शनी भाग एखाद्या ग्रीक मंदिरासारखा आहे: पुढे खांब आणि पुतळे, नळ्या त्यांच्या आड. स्वर नेमका कुठून उठतो, ते डोळ्यांना शेवटपर्यंत कळत नाही.

हार्लेमचे चर्च 1578 पासून प्रोटेस्टंट आहे, म्हणजे तिथे मुख्य वेदीपेक्षा प्रवचनाच्या व्यासपीठाला महत्त्व. शिवाय ऑर्गन शहराच्या मालकीचा, नागरिकांनी ऐकावा म्हणून राखलेला. मी गेलो त्या दिवशी खुर्च्या थेट ऑर्गनकडे तोंड करून मांडल्या होत्या. ऑर्गन बांधणाऱ्या क्रिस्टियान म्युलरने 1738 मध्ये पूर्ण केलेले हे वाद्य जवळजवळ 30 मीटर उंच आहे. लाल-तपकिरी लाकूड, त्यावर सोनेरी कोरीवकाम, माथ्यावर सिंह, आणि दोन्ही बाजूंच्या मनोऱ्यांत खर्जाच्या भल्यामोठ्या नळ्या उघड्या उभ्या. पायपट्ट्यांवरचा खर्ज लागला की तो कानाआधी खुर्चीच्या लाकडात जाणवला. मोझार्टने 1766 मध्ये, दहा वर्षांचा असताना, हाच ऑर्गन वाजवला होता.

विदोरसारख्यांच्या फ्रेंच रोमँटिक रचनांची ओढ असेल, तर ती वेळ पॅरिससाठी राखून ठेवणे कदाचित अधिक योग्य ठरेल. जर्मन संगीतकार बाख ऐकायचा असेल, किंवा यापूर्वी असा ऑर्गन ऐकलाच नसेल, तर मी हार्लेम सुचवीन. अ‍ॅम्स्टरडॅमहून आगगाडीने वीसेक मिनिटांत पोहोचता येते. तिथे अगदी पुढची खुर्ची मात्र घेऊ नये. थोडे मागे, थडग्यांच्या शिळांनी मढवलेल्या फरशीच्या मध्यावर बसले, तर पायापासून सिंहांपर्यंतचे सगळे वाद्य मान न उचलता दिसते.