लेअर मॅश घेताना प्रथिनाच्या टक्क्याआधी मेथिओनिन पाहा

विट्याजवळच्या आमच्या शेडसाठी गेले पाच महिने आम्ही कुपवाड एमआयडीसीतील एका गिरणीतून लेअर मॅश, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे दळलेले खाद्य, आणत आहोत, त्याविषयीचा हा अभिप्राय आहे. याआधी आम्ही घेत असलेल्या खाद्याच्या गोणीवर 18 टक्के प्रथिने छापलेली असत, तरी अंडी बारीक येत आणि व्यापारी ट्रेमागे पैसे कापून घेत असे. या गिरणीच्या पत्रकावर प्रथिने 16.5 टक्केच आहेत. पण त्याखाली प्रथिने ज्यांपासून बनतात त्या अमिनो आम्लांपैकी दोन, मेथिओनिन 0.40 आणि लायसिन 0.80 टक्के, असे वेगळे लिहिलेले असते, आणि माझ्या मते पैसे मोजायचे ते या दोन ओळींचे.

मका आणि सोयापेंडीच्या खाद्यात सर्वांत आधी मेथिओनिन कमी पडते. ते कमी पडले की बाकीची अमिनो आम्ले भरपूर असूनही त्यांची प्रथिने बांधली जात नाहीत; त्यांतला नत्र विष्ठेवाटे निघून जातो आणि सकाळी शेडचे पडदे उघडताना अमोनियाने डोळे चुरचुरतात. आमच्याकडे ही चुरचुर आता बरीच कमी झाली आहे. तीस अंड्यांचा ट्रे दीड किलोच्या आसपास भरत असे, तो आता 1 किलो 600 ग्रॅमपर्यंत जातो. वयाबरोबर अंडे मोठे होतेच, त्यामुळे याचे सगळे श्रेय मी खाद्याला देत नाही. मात्र ताटलीत फोडलेल्या ताज्या अंड्याचा घट्ट पांढरा बलक पिवळ्याभोवती उंच उभा राहतो, हे मी दर आठवड्याला स्वतः पाहतो.

एक टन खाद्यात मेथिओनिनची भुकटी जेमतेम एक-दीड किलो पडते, म्हणून गिरणीवाले ती आधी थोड्या मक्याच्या पिठात कालवून मगच मिक्सरमध्ये टाकतात. हे काम त्यांनी माझ्यासमोर केले, याचे मला विशेष वाटते. तरीही कोंबड्या आधी मक्याचा भरडा वेचतात आणि खाली पीठ उरते. त्या पिठातच मेथिओनिनची भुकटी असल्याने दुपारी गव्हाणी रिकाम्या झाल्याशिवाय नवे खाद्य टाकू नये. एप्रिल-मेच्या उन्हात कोंबडी खातेच कमी, तेव्हा अमिनो आम्लांचे प्रमाण वाढवून मागितले तर ते तसे बनवून देतात, पण त्यासाठी किमान एक टनाची मागणी लागते आणि लहान शेडवाल्यांची तिथेच अडचण होते.

तक्रार एकच आहे. कवचाचा प्रश्न अमिनो आम्लांनी सुटत नाही; कवच प्रामुख्याने रात्री तयार होते आणि त्यासाठी पोटात हळूहळू विरघळणारा जाड शिंपला लागतो. गिरणी मात्र सगळा कॅल्शियम बारीक दगडी भुकटीतून घालते. उतारवयाच्या बॅचमध्ये आमची तडकलेली अंडी त्यामुळेच वाढली, असे मला वाटते. त्या बॅचसाठी मेथिओनिन थोडे उतरवून अंड्याचा आकार आवरावा आणि निम्मा कॅल्शियम जाड शिंपल्यातून द्यावा, असे मी गिरणीला लेखी कळवले आहे. पुढची गाडी तशी येणार आहे.