इंदूरच्या काळ्या मातीतले लॉन: यूरिया की कंपोस्ट?

इंदूरमध्ये बंगल्यापुढे किंवा सोसायटीत लॉन राखणाऱ्यांना, त्याला यूरिया द्यावा की कंपोस्ट, हे मृगाच्या आधी ठरवावे लागते. शहरातले पावसाचे पाणी नाल्यांतून कान्ह आणि सरस्वती या नद्यांना मिळते आणि कान्ह पुढे उज्जैनजवळ क्षिप्रेत जाते; म्हणून गवताच्या रंगाइतकाच या पाण्याचाही विचार व्हायला हवा.

यूरियात ४६ टक्के नत्र असते. हजार चौरस फुटांना एक किलो पुरतो, रंग लवकर पालटतो आणि खर्च नगण्य असतो. अडचण त्याच्या विरघळण्यात आहे. ढग भरून आले की पाणी देण्याचे कष्ट वाचतात म्हणून माळी मुठीने यूरिया फेकतात. पण उन्हाळ्यात भेगाळलेली काळी माती सुरुवातीच्या पावसांनी फुगून भेगा मिटवते आणि त्यानंतरच्या जोरदार सरीचे पाणी मुरण्याऐवजी वरूनच वाहत खतही सोबत नेते. यूरियाच्या दाण्यांवरचा कडुनिंबाचा लेप नत्राचे नायट्रेट होणे लांबवतो, यूरियाचे वाहून जाणे थांबवत नाही. नदीत पोहोचलेल्या नत्र आणि स्फुरदावर (फॉस्फरस) शेवाळ आणि जलपर्णी माजतात आणि त्या कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो.

कंपोस्टमध्ये नत्र जेमतेम एक-दीड टक्का असते. यूरियाच्या एका किलोइतक्या नत्रासाठी तीस ते पंचेचाळीस किलो चाळून पसरावे लागते आणि तेही पहिल्या वर्षात सगळे लागू पडत नाही. मात्र काळी माती त्याने भुसभुशीत होऊन पाणी मुरू लागते, हा लाभ यूरियात नाही. दरवर्षी जाड थर देत गेल्यास मातीत स्फुरद साठतो, म्हणून थर पातळ ठेवण्याचे पथ्य पाळावे.

माझा कौल कंपोस्टला आहे. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये, पाती झाकली जाणार नाहीत इतके पातळ पसरावे. थंडीत हरळी पिवळट पडते ती खताअभावी नव्हे, तेव्हा घाई करू नये. मार्चमध्येही रंग न आल्यास हजार चौरस फुटांना अर्धा किलो यूरिया देऊन लगेच हलके पाणी द्यावे. पावसाळ्यात दोन्ही बंद. माती परीक्षणाशिवाय डीएपी (नत्र-स्फुरदाचे रासायनिक खत) आणूच नये. लव्हाळ्यावर तणनाशकापेक्षा वाफसा आल्यावर, म्हणजे माती ओलसर पण चिकट नसताना, खुरप्याने गाठीसकट काढणे बरे, जरी ते पुन्हा पुन्हा करावे लागते. कापलेले गवत लॉनवरच राहू द्यावे, फरशीवर उडालेले झाडून परत टाकावे आणि गटाराकडेचा दोन-तीन फुटांचा पट्टा खताविना, थोडा उंच वाढू द्यावा.