बेन्झॉइल पेरॉक्साइड जेल: सात महिने वापरल्यावर (आधी टॉवेलचं वाचा)

या जेलने माझ्या पिंपल्सचं काय झालं ते नंतर सांगते, आधी टॉवेलचं, कारण ते झालं नसतं तर मी हे लिहायला बसलेच नसते.

माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारे, होते. काम सोडताना त्यांनी आणलेले मरून रंगाचे जाड टेरी टॉवेल आमच्याकडे पाहुणे आले की निघतात, नाहीतर कपाटात. मे महिन्यात त्यातला एक बाहेर काढला, चार-पाच दिवस माझ्याच वापरात होता, आणि एका सकाळी दोरीवर बघते तर मधोमध केशरी पट्टे. तीन. जवळ जाऊन बोटं लावून बघितली तर माझीच तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, बरोबर त्या मापाची.

तोपर्यंत माझ्या डोक्यात जेलचा विचारसुद्धा नव्हता. उलट आठच दिवस आधी मी नव्या उशांच्या अभ्र्यांवरून नवी पेठेत एका दुकानदाराशी भांडून आले होते. निळ्या अभ्र्यांवर गालाच्या जागी पांढुरके डाग, म्हणलं तुमचा रंग कच्चा आहे, पैसे परत द्या. तो बिचारा सांगत होता की ताई, हा माल इतक्या जणांनी नेला, कुणाची तक्रार नाही. मी काही ऐकून घेतलं नाही.

मामांनी टॉवेल हातात घेतला, कोपरा ओला केला आणि आपल्या पांढऱ्या रुमालावर जोरात घासला. रुमाल पांढराच राहिला. म्हणाले, "कच्चा रंग असता तर रुमालावर आला असता, आणि सगळा टॉवेल सारखा फिक्का पडला असता. हा रंग उतरलेला नाही, कशानंतरी खाल्लाय. तू हाताला काय लावतेस?"

हाताला नाही, तोंडाला. पण लावते बोटांनीच, आणि मग हात नुसते पाण्याखाली धरून टॉवेलला पुसते. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्यामुळे हात साबणाने चोळून धुवायला पाणी सोडायचं जिवावर येतं, सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको.

तर हे जेल कसं काम करतं ते थोडक्यात सांगते. बेन्झॉइल पेरॉक्साइड छिद्रांमध्ये ऑक्सिजन सोडतं आणि तिथले पिंपल्सचे बॅक्टेरिया त्याने मरतात. तेच ऑक्सिडेशन कापडाच्या रंगावर झालं की त्याला ब्लीच म्हणतात. गेलेला रंग परत येत नाही, कितीही धुवा. टॉवेल, अभ्रे, गाडीवर बांधायचा स्कार्फ, सगळ्याला लागू आहे, आणि कपाळावर केसांच्या कडेला लागत राहिलं तर केससुद्धा फिक्के होतात. आत घडी घातलेल्या कागदावर हे लिहिलेलं असतं, बारीक इंग्रजीत, बाराव्या की तेराव्या ओळीला. मी तो कागद पहिल्याच दिवशी टाकून दिला होता, पण मेडिकलवाल्याने तरी एक वाक्य बोलायला काय हरकत होती? ज्या गावाच्या चादरीला आणि टॉवेलला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, जिथे घरोघरी कुणीतरी मागावर काम केलेलं आहे, तिथे हे जेल देताना "टॉवेल सांभाळा" एवढं सांगायलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

त्या दिवशी मी ह्याला पाचपैकी एक स्टार दिला असता. आता चार देते, त्याचं कारण सांगते.

जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा संपली तेव्हा माझ्या जबड्यावर दोन्ही बाजूंनी दुखरे फोड होते. त्याच्या आधी दुसऱ्या एका मेडिकलमधून "गोरं करणारी, डाग घालवणारी" क्रीम घेतली होती, आठवड्यात चेहरा चकचकीत झाला आणि बंद केल्यावर दुप्पट लाल. नंतर कळलं की त्यात स्टेरॉइड होतं. 2018 मध्ये सरकारने अशा 14 स्टेरॉइड क्रीम्स शेड्यूल एचमध्ये टाकल्यात, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत, तरी मला विचारलंसुद्धा नाही. कृपा करून मेडिकलवर "काहीतरी चांगलं द्या" म्हणू नका, कंटेंट वाचून घ्या.

त्या क्रीमपुढे हे जेल प्रामाणिक वाटलं. पहिले तीन आठवडे सालं निघाली, ओठांच्या कडेला चुरचुरलं. मी 5 टक्क्यांचं घेतलं होतं, नंतर 2.5 वर आले. पिंपल्सवर परिणाम साधारण तेवढाच होतो आणि जळजळ कमी, त्यामुळे जास्त टक्के म्हणजे जास्त गुण असं समजून पैसे घालवू नका. दोन महिन्यांनी नवे फोड जवळजवळ थांबले. जुने काळे डाग मात्र यानं जात नाहीत, त्याला वेळच लागतो.

सोबत ओल्या तोंडावर पाणी घालून पातळ केलेलं ग्लिसरीन, ओठांच्या कडेला पेट्रोलियम जेली. दोन्ही स्वस्त, दोन्ही उत्तम, यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही. सनस्क्रीन मात्र स्वस्तातलं घेऊनही महाग पडतं, कारण दोन बोटं भरून घ्यायचं म्हणलं की एका वेळी ग्रॅमभर जातं, दिवसातून दोनदा लावलं तर 50 ग्रॅमची ट्यूब महिनाभरही पुरत नाही. तरी लावते, 42-43 डिग्रीत हॉटगी रोडने रोज गाडीवर जायचं असतं.

आता जेल वापरायची पद्धत बदललीय. रात्रभर ठेवत नाही. संध्याकाळी लावायचं, दहा मिनिटं थांबायचं, धुऊन टाकायचं. एवढ्यानंही चालतंय, दोन महिने झाले, फोड परत आलेले नाहीत, आणि उशीपर्यंत ते पोचतच नाही. हात साबणाने, पाणी असो नसो.

आणखी एक, आपल्या उन्हाळ्यासाठी. 2024 मध्ये अमेरिकेतल्या एका लॅबने दाखवलं की हे रसायन उष्णतेत तुटून बेन्झीन, म्हणजे कॅन्सरला कारण ठरू शकणारं रसायन, तयार होऊ शकतं. मी घाबरले होते. मग 2025 मध्ये तिथल्या सरकारी औषध खात्याने, एफडीएने, 95 प्रॉडक्ट्स तपासली, 90 टक्क्यांहून जास्त प्रॉडक्ट्समध्ये बेन्झीन सापडलंच नाही किंवा अगदी नगण्य होतं, मोजकीच परत मागवली. तरी आमची वरची खोली पत्र्याची, दुपारी भट्टी होते, म्हणून ट्यूब खाली आणून फ्रीजच्या दारात ठेवली. आत्या, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "खायच्या वस्तूंत औषध नको," म्हणून ट्यूबला वेगळा डबा केलाय. आणि एक्सपायरी बघून वापरते, उरलंय म्हणून ओढत नाही.

अभ्र्यांच्या दुकानात परत गेले होते. चूक माझी होती असं सांगितलं, दुकानदार म्हणाला अहो ताई, असू द्या, आणि जेलचं नाव एका कागदावर लिहून मागितलं, पुढच्या वेळी कुणी डाग घेऊन आलं तर दाखवायला. ते मी मराठीत मोठ्या अक्षरात लिहून दिलं. मामांनी मला चाटी गल्लीतून अर्धा डझन पांढरे नॅपकिन आणून दिलेत, तोंड त्यालाच पुसायचं. मरून टॉवेल त्यांनी टाकू दिला नाही, म्हणाले धागा अजून पक्का आहे, आणि आता तो ते स्वतः वापरतात.