ब्रेड मशीन: तिन्ही ऋतू वापरल्यावर बटणांबद्दल जे कळलं

मशीन घेणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं एकच आहे. बटणांच्या नावावर जाऊ नका, सोबतच्या पुस्तिकेत शेवटी मिनिटांचा जो तक्ता असतो तो वाचा. बेसिक, फ्रेंच, होल व्हीट, क्विक, स्वीट हे सगळे प्रोग्राम म्हणजे मळायचं किती, फुगू द्यायचं किती आणि भाजायचं किती, याची ठरलेली वेळ. आत कणीक कोणत्या गव्हाची आहे आणि बाहेर मे चालू आहे की डिसेंबर, याचा मशीनला पत्ता नसतो. तो हिशोब आपणच करायचा.

आम्ही अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. चांगला ब्रेड हवा तर तालुक्याला जावं लागतं, आणि मिळतो तो मैद्याचाच. घरचा गहू असताना तो का आणायचा, म्हणून हे मशीन घेतलं. मधल्या आकाराचं, साधारण साडेपाचशे वॅटचं आहे. कंपनी कोणतीही असो, या किमतीतल्या मशीनची बटणं जवळपास सारखीच असतात.

माझ्या मशीनवर बेसिक प्रोग्राम ३ तासांचा आहे. १० मिनिटं मळणं, २० मिनिटं आराम, पुन्हा १५ मिनिटं मळणं, मग २५ आणि ४५ मिनिटं असं दोनदा फुगणं, आणि शेवटी ६५ मिनिटं भाजणं. होल व्हीट ३ तास ४० मिनिटांचा. त्यात भाजणं उलट पाच मिनिटांनी कमीच आहे. जास्तीचा वेळ जातो तो मळण्यात, आरामात आणि विशेषतः फुगण्यात. कारण कणकेतला कोंडा पाणी हळूहळू पितो आणि ग्लुटेनची, म्हणजे गव्हातल्या चिकट भागाची, जाळी धरायला वेळ लागतो. मैदा बेसिकमध्ये छान होतो. घरची कणीक त्याच बटणावर टाकली तर ब्रेड बुटका आणि जड निघतो.

पाण्याचं प्रमाण हा त्याहून मोठा विषय आहे. पुस्तिकेतली मापं परदेशातल्या पिठाची असतात. आपल्या चक्कीवर दगडाखाली दळलेली कणीक पाणी जास्त ओढते. ४०० ग्रॅम मैद्याला मला २५० मिली पाणी पुरतं, तेवढ्याच कणकेला २९० ते ३०० मिली लागतं. आमच्याकडे लोक-१ गहू असतो, त्याचा ब्रेड बरा फुगतो. बन्सी गव्हाची पोळी गोड लागते, पण ब्रेडसाठी तो एकटा घेऊ नये. त्याचा चिकटपणा ताणला जात नाही, गोळा फुगता फुगता फाटतो. मळणं सुरू झाल्यावर आठ-दहा मिनिटांनी झाकण उघडून गोळ्याला बोट लावून बघावं. बोटाला किंचित चिकटला आणि डब्याच्या कडा सोडत असला तर बरोबर. मी पहिल्यांदा बघत होते तेव्हा सासूबाईंनी दोन बोटांनी गोळा दाबला आणि म्हणाल्या, "लय घट झाली वं कनीक, पानी दे अजून थोडं." दोन चमचे पाणी टाकल्यावर गोळा डोळ्यांदेखत मऊ झाला. भाकर-पोळी करणाऱ्या हाताला हे मशीनपेक्षा आधी कळतं.

नुसत्या कणकेचा ब्रेड अजून हलका हवा असेल तर डो प्रोग्रामवर (हा नुसतं मळून-फुगवून देतो, भाजत नाही) कणीक आणि पाणी दोन-तीन मिनिटं फिरवून मशीन बंद करा. अर्धा तास तसंच राहू द्या. मग मीठ आणि यीस्ट टाकून होल व्हीट लावा. एवढ्यानेच ब्रेडचा पोत बदलतो.

आता उन्हाळा. फुगवताना मशीन आत ऊब देऊ शकतं, थंडावा देऊ शकत नाही. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या वर जातो तेव्हा गोळा वेळापत्रकाच्या पुढे धावतो. भाजणं सुरू व्हायच्या आधीच पूर्ण ताणला जातो आणि आच लागली की मधोमध बसतो. तेव्हा फ्रिजचं पाणी वापरा, यीस्ट पाव हिश्शाने कमी करा आणि मशीन पहाटे लावा. मैद्याच्या ब्रेडला मी मे मध्ये सरळ क्विक लावते. घाईच्या वेळचं बटण म्हणून ते दिलेलं असतं आणि त्याला यीस्ट वाढवायला सांगतात. पण आपल्या उन्हाळ्यात नेहमीच्याच यीस्टमध्ये, फुगायला कमी वेळ देणारं तेच बटण बरोबर बसतं. हिवाळ्यात याच्या उलट. कोमट पाणी घ्या, आणि गोळा पुरता वर आला नसेल तर भाजणं सुरू व्हायच्या आधी मशीन बंद करून झाकण लावून ठेवा. डब्याच्या पाऊण उंचीला आला की 'बेक' दाबा.

'बेक' हे सुटं बटण आमच्यासारख्या गावात सगळ्यात कामाचं. ते नसलेलं मशीन घेऊच नका. लाईन गेली तर माझं मशीन दहा मिनिटं लक्षात ठेवतं, त्यानंतर प्रोग्राम पहिल्यापासून सुरू होतो. मळताना गेली तर काही बिघडत नाही, पुन्हा लावा. फुगताना गेली तर झाकण उघडू नका. यीस्टला करंट लागत नाही, ते आपलं काम करत राहतं. लाईन आली की उंची बघून बेक. भाजताना गेली आणि लवकर आली तर उरलेली मिनिटं बेकवर द्या. तास-दीड तास गेली तर मधला भाग कच्चट राहतो, त्याचे काप करून तव्यावर शेकलेले बरे.

रात्री लावून सकाळी ताजा ब्रेड, हे टायमरचं सुख फक्त थंडीतलं. पाणी खाली, वर पीठ, पिठात खळगा करून त्यात कोरडं यीस्ट, मीठ कोपऱ्यात. दूध टायमरला कधीच नको. ब्रेडच्या वरच्या कवचाच्या रंगाचं बटण म्हणजे लाईट, मिडियम, डार्क. गूळ किंवा दूध टाकलं असेल तर लाईट, कारण दोन्हींनी रंग लवकर चढतो.

दुसऱ्या मळणीत मशीन बीप देतं, तेव्हा भाजलेलं जवस टाकावं. आधी टाकलं तर पार कुटलं जातं. जवसाचा ब्रेड आमच्याकडे मुलंही मागून खातात. ज्वारीचं पीठ पाव हिश्शापर्यंत चालतं. त्यापुढे ब्रेड उभा राहत नाही, कारण ज्वारीत ग्लुटेन नाही. निव्वळ ज्वारीचा करायचा तर ग्लुटेन-फ्री बटण आणि सोबत इसबगोल लागतं. तो विटेसारखा निघतो, पण शेकून चांगला लागतो. केकचं बटण मला रुचलं नाही. कुकरमधला केक सरस होतो.

जॅमच्या बटणाने मात्र जीव लावला. संत्र्याच्या हंगामात बाजारात न चालणारी फळं घरात पडून असतात. फोडींची साल, बिया आणि पांढरा भाग काढून टाका, गर आणि निम्मी साखर, वर दोन लिंबांचा रस. लिंबू हवंच, त्याशिवाय जॅम घट्ट बसत नाही. डबा निम्म्याच्या वर भरू नका, उतू जातो. ८० मिनिटं ढवळत उभं राहण्याचं काम वाचतं.

वीज फार खात नाही, एका ब्रेडला अर्ध्या युनिटच्या आतच. खरी झीज डब्याच्या आतल्या थराची आणि मळायच्या पात्याची होते. ब्रेड काढताना चाकू-उलथनं लावू नका, पातं अडकलं तर डब्यात गरम पाणी भरून ठेवा. आणि विकत घेताना दुकानदाराला आधी हेच विचारा की डबा आणि पातं सुटं मिळतं का, किती दिवसांत आणि केवढ्याला. उत्तर गोलमोल आलं तर दुसरं मशीन बघा.